कळंबचं पंक्चर

मायऱ्याच्या दिवशी सकाळी चंदाबाईंनी दारातला पाट तिसऱ्यांदा हलवला. आधी तो उंबऱ्याच्या डाव्या अंगाला होता, तिथं एसटी स्टँडकडून येणाऱ्याला आधी पोचता आलं असतं. मग उजवीकडं नेला, तर नदीकडून येणाऱ्याची सोय झाली. शेवटी त्यांनी तो बरोबर मधोमध मांडला, चार पावलं मागं जाऊन एक डोळा मिटून पाहिला आणि नवऱ्याला विचारलं, "आता कुणाला जवळ पडतोय?"

मिश्रीलाल पायरीवर आरसा टेकवून दाढी करत होते. "मला विचारशील तर दोघांनाबी लांबच पडतोय," ते म्हणाले. "हितवर कुणी धड पोचलं म्हंजे मिळवली."

बोलणं चेष्टेतलं असलं तरी खोटं नव्हतं. उद्या डिंपलचं लग्न होतं आणि आज तिचे दोन मामा मायरा घेऊन यायचे होते. भाचीच्या लग्नात मामानं कपडेलत्ते घेऊन वाजतगाजत यायचं आणि दारात पाटावर उभ्या राहिलेल्या बहिणीच्या डोक्यावर चुनडी पांघरायची. घराणं मारवाडातून ओतूरला येऊन चार पिढ्या झाल्या, घरात भांडणंसुद्धा मराठीतून व्हायला लागली, पण ही रीत तशीच राहिली होती. पहिली चुनडी कुणाची, एवढाच काय तो प्रश्न होता. आणि एवढ्याशा प्रश्नावर पेठचे खेमचंद आणि कळंबचे झुंबरलाल हे दोघं सख्खे भाऊ आपापली फौज घेऊन ओतुरात उतरले होते.

पेठचं दुकान वडिलांच्या वेळचं. आख्ख्या आंबेगाव तालुक्यात नुसतं 'शेठ' म्हटलं की खेमचंद, असा तो काळ होता. झुंबरलाल धाकटे, त्यांचं कळंबचं दुकान एका खणाचं. मग कांद्याचे दिवस आले, नाशिक रस्त्यावरची वर्दळ वाढली आणि धाकट्याच्या एका खणाचे तीन खण झाले. खेमचंदांनी दुकानापुढं पत्रा टाकला की झुंबरलाल स्लॅब टाकत. झुंबरलालांनी थंड बाटल्यांचा फ्रिज आणला की पंधरवड्यात पेठेला दोन दारांचा फ्रिज येई. थोरल्याला वाटे, हा आपल्या डोक्यावर चढायला बघतोय. धाकट्याला वाटे, आपण मोठे झालो हे याला एकदा तरी दिसावं. भांडण असं दोघांत कधी झालंच नाही. झालं असतं तर कुणी मध्ये पडून मिटवलं तरी असतं.

आणि मग झालं ते पंक्चर.

महिन्यापूर्वी चंदाबाई गूळ-नारळ घेऊन भावांना मायऱ्याचं बोलावणं द्यायला निघाल्या. पहिला मान थोरल्याचा. वाटेत कळंब आधी लागतं, तरी तिथं न थांबता सरळ पेठ गाठायची आणि परतताना कळंबला उतरायचं, हे त्यांनी जीपवाल्या चांदभाईंना घरूनच बजावलं होतं. कळंब आल्यावर चांदभाईंनी वेग वाढवलासुद्धा, आणि नेमकं झुंबरलालांच्या दुकानासमोर मागचं चाक बसलं. धाकटी भावजय पाण्याचा तांब्या घेऊन धावत बाहेर आली. नणंद दारात, मांडीवर गुळाची परात, आणि 'मी तुमच्याकडं आले नाही' असं कुठल्या तोंडानं सांगायचं? चंदाबाईंना ते सांगवेना. त्यांनी भावजयीच्या हातावर गूळ ठेवला. चाक बदलून जीप पेठेला पोचेपर्यंत कुणीतरी फोन केलेला होता आणि खेमचंद दुकानाचं शटर अर्धं ओढून बसले होते.

"पंक्चर झालं व्हतं, भाऊ," चंदाबाई म्हणाल्या.

"एवढ्या रस्त्यात त्याच्याच दारापुढं झालं?" खेमचंद म्हणाले. "आन् खिळे कोण विकतं तिथं?"

झुंबरलाल खिळे विकत, हे दुर्दैवानं खरं होतं.

*

डिंपल ओतूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायची. जूनपासून तिनं पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्या महायुद्धाची कारणं शिकवली होती. राष्ट्रांचे गट, शस्त्रांची स्पर्धा, वसाहतींची हाव, आणि शेवटी तात्कालिक कारण. पोरं ती पाढ्यासारखी पाठ करत आणि परीक्षेत तात्कालिक कारण आधी लिहून मोकळी होत. आज मेंदीचे हात सांभाळत घरभर हिंडताना तिला वाटत होतं, पोरांना एकदा आपल्या घरी आणायला हवं होतं.

ओसरीवर तिच्या मामेबहिणीचा, टीनाचा नवरा संयम पोहे खात बसला होता. टीना ही खेमचंदांची मुलगी. संयम चाकणचा, नवरदेवाचा सख्खा चुलतभाऊ, आणि डिंपलचं स्थळ त्यानंच जुळवलं होतं. त्यामुळं त्याच्या तोंडातून गेल्या आठवड्यात निघालेलं एक वाक्य घरात सगळ्यांच्या छातीवर बसलं होतं.

"जिजाजी, तुम्ही खरंच उठून जाणार?" डिंपलनं विचारलं.

"अगं, मी कशाला जातोय? मी नुसतं म्हटलंय." संयमनं इकडंतिकडं पाहून आवाज उतरवला. "झुंबरमामांनी आधी चुनडी घातली आणि सासरेबुवा परत फिरले तर मी फिरणार. मी फिरलो की नवरदेवाकडचे म्हणणार, जिथं आपल्या माणसाला किंमत नाही तिथं सोयरीक कशाला. एवढं कानावर गेलं की झुंबरमामा आपोआप मागं सरकतील."

"आणि नाही सरकले तर?"

संयमचा घास तोंडातच राहिला. "तर... शब्द दिलाय ना मी. टीनासमोर दिलाय."

"दिलाय म्हणजे दिलाय!" आतून टीनाचा आवाज आला.

डिंपल तिथून निघाली ती मागच्या गल्लीतल्या वखारीत गेली. वखार तिच्या सख्ख्या काकांची, नेमीकाकांची. लग्नाचा सगळा स्वयंपाक तिथं चालला होता. लापशीच्या कढईभोवती तुपाचा वास भरला होता आणि दारात नेमीकाका खुर्ची टाकून किल्ल्यांचा जुडगा फिरवत बसले होते. त्यांचा कांद्याचा धंदा झुंबरलालांच्या भागीदारीत.

"झुंबरलाल परत गेला तर वखारीला कुलूप," ते डिंपलला बघताच म्हणाले. "वऱ्हाडानं स्टँडवर जाऊन वडापाव खावा."

"काका, मी तुमची पुतणी आहे."

"म्हनून तर सांगतोय." मग ते पुढं वाकले. "पोरी, मी काय खरंच लावनार व्हय कुलूप? खेमचंदाच्या कानावर जावं म्हनून बोललो. त्यो संयम असा बोलल्यावर झुंबरच्या मागं कुणीतरी उभं ऱ्हायला नको का?"

"मग आत्ताच सांगा ना, कुलूप लावणार नाही म्हणून. मी जाऊन सांगते सगळ्यांना."

"सांगतो की. आधी संयमला सांगायला लाव."

डिंपल ओसरीवर परत आली. संयम म्हणाला, "आधी काकांनी किल्ली डिंपलच्या हातात द्यावी, मग बघू." ती पुन्हा वखारीत गेली. काका म्हणाले, "किल्ली? म्हंजे मी रिकाम्या हातानं बसू आन् त्यो तिकडं मोकळा?" तिसऱ्या खेपेला तिची मेंदी कोपरावर फरफटली आणि तिला हसू आणि रडू बरोबरच आलं.

चंदाबाई माजघरात आरतीचं ताट लावत होत्या. डिंपल त्यांच्याशेजारी भिंतीला टेकून बसली.

"मम्मी, मी हे शिकवते. पैसे घेऊन शिकवते."

"काय शिकवतीस?"

"हेच. जर्मनी उशिरा मोठा झाला. त्याला वाटायचं, इंग्लंड आपल्याला गिनत नाही. त्यानं लढाईची जहाजं बांधायला घेतली. इंग्लंडनं आणखी मोठी बांधली. मग सगळ्यांनी आपापले जोडीदार धरले. तू लढलास तर मी लढेन, असे शब्द दिले. प्रत्येकाला वाटायचं, आपण इतके जण मिळून दिसलो की समोरचा गप बसेल."

"बसलं का कुणी?"

"कुणी नाही. एकानं फौज हलवली म्हणून दुसऱ्यानं हलवली. रशियाचा राजा आणि जर्मनीचा राजा नात्यातले भाऊ. फौजा निघाल्या तरी एकमेकांना घरातल्या नावानं तारा करत होते, तू थांब म्हणजे मी थांबतो. कुणीच थांबलं नाही. चार वर्षं माणसं मरत होती. आपल्याकडचीसुद्धा नेली, मम्मी. ज्यांना त्या भांडणातलं काही ठाऊक नव्हतं अशी."

चंदाबाई कुंकवाच्या वाटीत बोटानं कुंकू सारखं करत होत्या. बाहेर मिश्रीलाल कुणालातरी सांगत होते, "मे महिन्यात आपन अणुबाँब फोडले, मग शेजारच्या देशानं फोडले. तवापास्नं सगळ्यांनाच ही हवा लागलीय. मेव्हण्यांचे बँड बघा तुमी."

"आन् सुरवात कशावरनं झाली?" चंदाबाईंनी विचारलं.

"ऑस्ट्रियाच्या युवराजाला एका पोरानं गोळी घातली. सकाळी त्या पोराच्या टोळीचा डाव फसला होता, मम्मी. पण युवराजाच्या ड्रायव्हरनं चुकीचं वळण घेतलं. गाडी मागं घ्यायला थांबवली, ती नेमकी त्या पोरासमोर."

चंदाबाईंचं बोट वाटीत थांबलं. "ड्रायव्हरनं?"

"हो."

"मग त्याचं पुढं काय झालं?"

"युवराजाचं? मेला तो. बायकोपण मेली त्याची."

"त्याचं न्हाई गं. ड्रायव्हरचं."

डिंपलला सांगता येईना. पुस्तकात तो एका वाक्यापुरता होता आणि पुढच्या वाक्यात गोळी होती. आपण एवढी वर्षं शिकलो, आता शिकवतो, आणि हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही, याची तिला लाज वाटली.

"कोन काय काय बोललं असंल त्याला," चंदाबाई म्हणाल्या आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. चांदभाई रस्त्यापलीकडं जीप पुसत उभे होते. गेला महिनाभर ते ओसरीवर चढले नव्हते. खिळा त्यांनीच झुंबरकडून पैसे घेऊन चाकात घालून घेतला, असं खेमचंद पेठेच्या चौकात बोलले होते, आणि पेठेतलं एकही गिऱ्हाईक त्यानंतर त्यांच्या जीपमध्ये बसलं नव्हतं. सकाळी ते पायरीशी आले ते फक्त पुडकं द्यायला. त्यांच्या बायकोचं, जोहराबीचं माहेर जुन्नरच्या रंगाऱ्यांचं. तिनं डिंपलसाठी स्वतः रंगवलेली लाल सुती ओढणी पाठवली होती. चहा घ्या म्हटलं तर चांदभाई 'ऱ्हाऊ द्या ताई' म्हणून मागच्या पावली गेले होते.

*

एसटी स्टँडपाशी खेमचंद नवा फेटा बांधून उभे होते. मागं कपड्यांची ताटं घेतलेल्या बायका, त्यांच्यामागं पेठकर मंडळी, आणि सगळ्यांच्या पुढं जुन्नरच्या नौशादभाईंचा बँड, लाल कोट घातलेला.

या बँडचीही गंमतच होती. खेमचंदांनी दहा माणसांचा बँड सांगितला. झुंबरलालांनी नौशादभाईंनाच गाठून विचारलं, "थोरल्यानं किती सांगितलेत?" नौशादभाई सरळ माणूस, विचारलं की सांगणार. झुंबरलाल म्हणाले, मला बारा पाहिजेत. मग खेमचंद चौदावर गेले आणि झुंबरलाल सोळावर. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नौशादभाईंच्या वाडवडलांनी शिकवलं नव्हतं. त्यांनी दोघांचीही सुपारी घेतली आणि निळे कोट शिंप्याकडून नवे शिवून घेतले.

खेमचंद आपली फौज मोजत होते. तिसऱ्या ओळीत त्यांना एक ओळखीचा चेहरा दिसला.

"गेणभाऊ? आरं, तू माझ्या दुकानाची पोती उतरवणारा ना? हे वाजवायला कधी शिकला?"

"न्हाई शिकलो शेठ," गेणभाऊ ट्रंपेट छातीशी धरून म्हणाला. "नुसतं धरलंय. नौशादभाई म्हनले, गाल फुगवायचे आन् पाय उचलायचे."

खेमचंदांनी नौशादभाईंकडं पाहिलं. नौशादभाईंनी मान खाली घातली. "वाजवनारे एकूणच थोडे हायेत शेठ. निम्मे तुम्हाला दिले, निम्मे त्यांना. तिकडंबी असंच हाय. मी दोघांस्नी सारखंच धरलंय, खुदा की कसम."

खेमचंदांच्या पोटातून हसू उसळून आलं. त्यांनी ते मिशीत दाबलं. लहानपणी एकदा गावजेवणात असंच हसू दाबता दाबता ताकाचा घोट नाकातून बाहेर आला होता, तेव्हा शेजारी झुंबर बसलेला होता आणि त्याच्याही नाकातून आला होता. आता ही गेणभाऊची गोष्ट सांगावी असा एकच माणूस त्यांना आठवत होता, आणि तो नदीकडच्या टोकाला निळे कोट घेऊन उभा होता. त्याला सांगता येत नाही म्हणून खेमचंदांना वाईट वाटलं. वाईट वाटल्याचा रागही आला.

नदीकडच्या टोकाला झुंबरलाल टाचा उंचावून बघत होते. गल्लीच्या पार पलीकडं थोरल्याचा फेटा दिसत होता. भाऊ वाळलाय, त्यांच्या मनात आलं. त्याला मधुमेह निघाल्याचं त्यांना तिसऱ्याच माणसाकडून कळलं होतं. बायको शेजारून म्हणाली, "तुमी आधी निघू नका. लोक म्हनतील, धाकट्यानं घाई केली. पर ते निघाले की लगेच निघा. तीळभर उशीर नको."

तिकडं खेमचंदांनीही आपल्या माणसांना तेच सांगितलं होतं.

असे दोघं उभे राहिले. उन्हं वर आली. आणि गाल फुगवायची तालीम करता करता गेणभाऊच्या ट्रंपेटमधून, आयुष्यात पहिल्यांदा, एक दणदणीत सूर निघाला.

"निघाले!" नदीकडं कुणीतरी ओरडलं. निळा बँड सुरू झाला.

"अरे, ते निघाले!" स्टँडकडं कुणीतरी ओरडलं. लाल बँड सुरू झाला.

*

चंदाबाई पाटावर उभ्या होत्या. डावीकडून लाल आणि उजवीकडून निळे असे एकाच वेळी दारात येऊन थडकले आणि गल्ली चोंदली. बँड थांबले. पाटाच्या एका अंगाला खेमचंद, दुसऱ्या अंगाला झुंबरलाल. दोघांच्या ताटात जरीच्या जड चुनड्या. खेमचंदांच्या मागं संयम येऊन उभा राहिला, त्याचा चेहरा पडलेला होता. झुंबरलालांच्या मागं नेमीकाका आले, त्यांच्या हातात किल्ल्या वाजत होत्या. दोघांनाही यायचं नव्हतं आणि दोघंही आले होते.

"मी थोरला हाय," खेमचंद म्हणाले.

"गूळ आधी माझ्या घरात आला," झुंबरलाल म्हणाले.

"पंक्चर झालं म्हनून आला!"

"आला ना पर!"

"चंदे, तूच सांग. न्हाईतर हा मी निघालो."

"मग मीबी निघालो."

संयमनं घसा खाकरला. त्याच्याकडं बघून नवरदेवाच्या घरून आलेले दोन पाहुणे पायरीवरून उठून उभे राहिले. ते उठलेले बघून नेमीकाका वखारीच्या दिशेला वळले. मिश्रीलालांनी कपाळाला हात लावला. डिंपल दाराआड उभी होती. तिला वाटलं, हे असंच होतं. कुणालाच नको असतं आणि होतं.

चंदाबाईंनी हातातलं ताट सावरून धरलं. त्यांनी एका भावाकडं पाहिलं, मग दुसऱ्याकडं. मग दोघांच्या डोक्यांवरून त्यांची नजर पलीकडं गेली. जीपच्या मागच्या चाकाला पाठ लावून चांदभाई जमिनीकडं बघत उभे होते, जणू आजही सगळं त्या चाकानंच केलं होतं.

"चांदभाऊ!" चंदाबाईंनी हाक मारली. "हिकडं या."

गर्दीनं वाट दिली. चांदभाई चपला काढून पुढं आले. "ताई, मी त्या दिवशी खरंच—"

"म्हाईत हाय मला. डिंपल, जोहराबीची ओढणी आण."

डिंपलनं आतून पुडकं आणलं. ओढणी उलगडली तेव्हा ओल्या रंगाचा वास आला.

"घाला माझ्या डोक्यावर," चंदाबाई म्हणाल्या.

"मी?" चांदभाई एक पाऊल मागं सरले. "ताई, ही तुमची रीत हाय."

"रीत मला ठावं हाय. बहिणीच्या दारात भाऊ पोचला न्हाई, तर धर्माचा भाऊ चुनडी घालतो. ही बी आमचीच रीत." मग त्या भावांकडं न बघता म्हणाल्या, "माझे दोन भाऊ गल्लीत आलेत. दारात अजून कुनीच पोचलं न्हाई."

चांदभाईंनी हात शर्टाला पुसले, ओढणीची दोन टोकं धरली आणि काचेचं सामान ठेवावं तशी ती चंदाबाईंच्या डोक्यावर ठेवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आणि हात गुंतलेले असल्यामुळं ते पुसता येत नव्हतं. चंदाबाईंचं बोट कुंकवाकडं गेलं, तिथं क्षणभर थांबलं, आणि त्यांनी ताटातला गुळाचा खडा उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"झालं," त्या म्हणाल्या. "पहिला मान झाला. आता दुसरा-तिसरा कुनी मोजत न्हाई. यायचं त्यांनी या."

संयम मनातल्या मनात आपला शब्द तपासत होता. सासऱ्यांच्या आधी झुंबरलालांनी चुनडी घातली तर, असा तो शब्द होता. त्यात चांदभाई कुठंच नव्हते. त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं पाहुण्यांना "बसा, बसा" म्हणून खाली बसवलं. नेमीकाकांनी किल्ल्या खिशात टाकल्या.

दोघं भाऊ मात्र आपापली ताटं धरून तसेच उभे होते. लढायला जागाच उरली नव्हती आणि परत फिरायला कारण उरलं नव्हतं.

"झुंबर," खेमचंद एकदम म्हणाले.

"काय?"

"तुझ्या बँडात खरे वाजवणारे किती रं?"

"म्हंजे? सोळा हायेत."

"आरं, सोळा कोट हायेत! हा गेणभाऊ बघ. माझी पोती उतरवतो. ह्यानं नुसतं धरलंय!" आणि सकाळपासून मिशीत दाबलेलं हसू फुटलं. झुंबरलालांनी वळून आपल्या निळ्या ओळीकडं पाहिलं. तिथल्या एकानं लगेच गाल फुगवले. तो कळंबच्या शाळेचा शिपाई होता. झुंबरलाल असे हसायला लागले की त्यांच्या बायकोला ताट धरावं लागलं. त्यांनी थोरल्याच्या खांद्याला धरलं, आणि दोघांना हसताना बघून सगळी गल्ली हसायला लागली. नौशादभाई एकटे हसले नाहीत.

"घाल," खेमचंद डोळे पुसत म्हणाले. "आधी तू घाल."

"छ्या! तुमी थोरले. तुमी घाला."

"गूळ तुझ्याकडं आधी आला, तूच घाल."

"पंक्चरनं आला तो, भाऊ."

"आता ह्याच्यावरनं भांडू नगा!" चंदाबाई पाटावरून ओरडल्या. मग दोघांनी दोन्ही चुनड्या कशाबशा एकदमच टाकल्या आणि चंदाबाईंचं नाकही दिसेनासं झालं.

आत जाताना पायरीवर खेमचंद थांबले. गुडघ्यावर हात ठेवून, झुंबरलालांकडं न बघता ते म्हणाले, "स्लॅब चांगला टाकलास तू. येताजाता एसटीतनं बघतो मी. बाबा असते तर खूश झाले असते."

झुंबरलाल तिथंच पायरीवर बसले आणि बराच वेळ चपलेचा पट्टा सोडत राहिले.

*

पंगत वखारीत बसली. चांदभाईंचं पान दोन्ही मामांच्या मधे मांडलं होतं. त्यांना लाजल्यासारखं होत होतं, पण उठू कुणी देईना.

"ओढणी सुती हाय म्हना," खेमचंद लापशीवर तूप घेत म्हणाले.

"सुतीच. जर न्हाई काय न्हाई," झुंबरलाल म्हणाले. "आन् पहिला मान घेऊन बसले!"

"आता दर भाऊबीजेला यावं लागंल म्हनावं."

"येतंय कशाला! वाटंत पंक्चर व्हईल."

किती तरी वर्षांनी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ते चांदभाईंच्या विरुद्ध होतं. चांदभाई मान खाली घालून जेवत होते आणि त्यांच्या पानावर दोन्ही बाजूंनी लापशी पडत होती. पेठेच्या चौकात आपण काय बोललो होतो ते खेमचंदांना आठवलं. त्यांनी वाढप्याच्या हातातलं तुपाचं भांडं घेतलं आणि स्वतः उठून चांदभाईंना तूप वाढलं. "उद्या वऱ्हाड गेलं की मला पेठेला सोडा," ते म्हणाले. "चौकातनं गाडी घ्या. जरा हळू घ्या."

चंदाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. जरीच्या चुनड्या त्यांनी घडी करून ठेवल्या होत्या. लाल ओढणी डोक्यावर होती आणि तिचा रंग कपाळाला थोडा लागला होता. समाधान इतकं आलं होतं की जेवायची आठवण नव्हती. डिंपल शेजारी येऊन उभी राहिली.

"सासरी गेल्यावर पुस्तकं मिळतील ना गं तुला?" चंदाबाईंनी विचारलं.

"मिळतील. का?"

"त्या युवराजाच्या ड्रायव्हरचं शोध." त्या पंगतीकडं बघत म्हणाल्या. "त्याला नंतर कुनी जेवायला बसवलं का न्हाई, तेवढं बघून मला कळव."